वाघर

२ मार्च २००४, मंगळवार

कंपनीनं नव्या वर्षाला दिलेली ही डायरी आज उघडली. जानेवारीची पानं कोरी सोडली आहेत. त्या महिन्यात अक्षदा गेली. सहा वर्षांची होती, तीन दिवस ताप होता. तिच्याबद्दल इथं याहून जास्त लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. शनिवारी लाइनवर मी पोपटच्या अंगावर मायक्रोमीटर फेकला. मी त्याच्या मशीनवरचे चार जॉब मापात बसत नाहीत म्हणून रिजेक्ट केले आणि तो चेष्टेत म्हणाला, "मल्हारीदादा, जरा माणसासारखं माप घे की." एवढंच. मायक्रोमीटर त्याच्या कानाजवळून गेला. पोपट आमच्याच वस्तीवरचा, जत्रेत ढोल वाजवतो, लहानपणापासून बरोबर आहे. त्यानं तक्रार केली नाही, पण सुपरवायझरनं पाहिलं होतं.

पर्सोनेलच्या साहेबांनी बोलावलं. झोप किती येते विचारलं. मी खरं सांगितलं, येतच नाही. ते म्हणाले, "दौंडला ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर आहे. मी स्वतः केलंय. रजा मी मंजूर करतो. जायचं नसेल तर मला मेमो काढावा लागेल."

घरी सांगितलं. प्रतिभा भाकरी थापत राहिली. आईनं विचारलं, "ध्यान म्हंजी देवाचंच ना?"

"देवाचंच."

"मग जा बाबा. जत्रा तोंडावर आली. आबाचं आसं झालं, औंदा घोंगडीवर तुलाच बसायचंय. देवाचं ध्यान केल्यालं बरंच."

आबा, म्हणजे माझे वडील तात्याबा. आमच्या बिरोबाचा वारा तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या अंगात येतो. चैत्री पुनवेनंतरच्या रविवारी जत्रा भरते, ते काळ्या घोंगडीवर बसतात, ढोल वाजतो, देव अंगात येतो आणि त्यांच्या तोंडून भाकणूक सांगतो: पाऊस कसा, ज्वारी कशी, कुणाच्या घरात काय. मलाही सतराव्या वर्षापासून वारा येतो, पण आबा होते म्हणून मला बोलायची पाळी कधी आली नाही. अक्षदा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत आबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले बीपी.

१६ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी दौंडहून आलो.

शिबिरात लिहायला बंदी होती, बोलायलाही. दौंडच्या बाहेर एका शाळेत होतं, रात्री मालगाड्यांचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून माळा, अंगठ्या, गंडे काढून घेतले. माझ्या गळ्यात भंडाऱ्याची कापडी पुडी होती, ती पाकिटात घालून ठेवली. दहा दिवस दुसरं काही करायचं नाही, जप नाही, नाव नाही. मी म्हटलं, दहाच दिवस तर आहेत.

शिकवलं ते असं. आधी श्वास येतो-जातो तो पाहायचा. मग अंगात जिथं जे होतंय ते पाहायचं, खाज, कळ, मुंग्या, थरथर. हलायचं नाही, हवं-नको म्हणायचं नाही. आलंय, पाहिलं, गेलं. चौथ्या दिवशी घशात आवंढा जाणवला, लिंबाएवढा. जानेवारीपासून तो तिथं आहे. मी त्याच्याकडं पाहत बसलो, आणि तो मेणासारखा पातळ होत गेला. त्या रात्री मी झोपलो. दोन महिन्यांनी झोपलो.

शेवटच्या दिवशी बोलायची मुभा मिळाली, तेव्हा मी गुरुजींना आनंदानं सांगितलं की आमच्या घरात देवाचा वारा आहे, आणि इथली थरथर मला ओळखीची वाटली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, सावकाश बोलतात. त्यांचा चेहरा उतरला. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. अंगात येणाऱ्यांना आम्ही शिबिरात घेत नाही." एवढंच म्हणाले. पुढं बोलायला वेळ नव्हता, लोक चपला शोधत होते.

आता रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं आहे. मधल्या खोलीत जागा केली. भिंतीपलीकडं आबांची खाट आहे.

१८ मार्च

पोपटची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी कसली? नेम चुकला तुझा, त्याची माग." आज पुष्कळ दिवसांनी हसलो.

आबांच्या खोलीत गेलो. ते माझ्याकडं टक लावून पाहतात आणि डाव्या डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टरांनी सांगितलंय, या आजारात विनाकारण रडू येतं, मनावर घेऊ नका. मी घेत नाही. त्यांना जेवू आई घालते. प्रतिभा ताट उंबऱ्यावर ठेवून माघारी फिरते, तिला कामं खूप असतात.

२१ मार्च, पाडवा

घरात दुखवटा, म्हणून गुढी नाही.

दुपारी प्रतिभा जवळ येऊन बसली. आपण होऊन बसायची ही पहिलीच वेळ. म्हणाली, "औंदा आपला सवाल हाय."

आमच्या भावकीत रीत आहे. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला येणाऱ्या जत्रेत देवाला एक सवाल विचारता येतो. एकदाच, त्याच वर्षी. पुढच्या वर्षी देव त्या माणसाबद्दल बोलत नाही. लोक बहुतेक एवढंच विचारतात, ‘पोचलं का?’ देव म्हणतो, ‘पोचलं, माझ्या कळपात हाय.’ मग बायका रडतात आणि भंडारा उधळून घरी जातात. दुखवटा तिथं फिटतो.

"तू विचारणार?"

"मीच इचारणार. आईचा हक हाय." मग म्हणाली, "तुमच्या अंगात येईल ना वो?"

"येईल की. सतराव्या वर्षापासून येतोय."

ती माझ्याकडं बघत राहिली. जानेवारीपासून तिनं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. आणि ते बरं वाटणंही मी पाहिलं, जसं शिकवलंय तसं.

२६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी पोपट ढोल घेऊन अंगणात आला. जत्रेआधी एकदा वारा जागवून बघायचा असतो. आईनं घोंगडी अंथरली, भंडारा लावला. पोपटनं ढोलावर ताल धरला, घाई वाढवत नेली. पोटऱ्यांतून मुंग्या निघाल्या, गुडघ्यापर्यंत आल्या. एवढ्यात माझं लक्ष तिथं गेलं. आपोआप गेलं. मुंग्या थांबल्या.

पोपटनं पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला त्याच्या मनगटावर घाम आला, तो ढोल उतरवून म्हणाला, "देवबी आता कंपनीसारखा झालाय गड्या. कायम कुणाला ठेवत न्हाई, कंत्राटावर घेतो."

आई त्याच्यावर ओरडली. प्रतिभा ओट्यावर उभी होती, ती आत गेली.

२८ मार्च, रविवार

जीपनं नदी ओलांडून दौंडला गेलो. गुरुजी घरीच होते. त्यांच्या पत्नीनं पोहे दिले. देव्हाऱ्यात समई लागलेली होती. मला ते पाहून धीर आला आणि मी सरळ विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडं देव आहे. मग मला दोन्ही का चालत नाही?"

"देव मानायला माझी हरकत नाही. बायको पूजा करते, मी आरतीला उभा राहतो. तुमचं तसं नाही. मी मन स्वतःच्या ताब्यात ठेवायला शिकवतो. तुमच्याकडं ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं असतं. एका वेळी दोन्ही कसं होईल?"

"मग ज्या वेळी पाहिजे त्या वेळी पाहणं बंद ठेवता येतं का?"

"मला येत नाही," म्हणाले. "पण मला कधी गरजही पडली नाही. तुम्हाला कशासाठी हवं आहे?"

मी त्यांना सवालाची रीत सांगितली. मुलीचं सांगताना माझा आवाज अगदी स्वच्छ होता, मलाच नवल वाटलं. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. "जत्रेपर्यंत बसणं सोडून बघा," म्हणाले. "आणि मल्हारराव, तुम्ही पत्नीशी बोललात का? मुलीबद्दल?"

मी म्हणालो, बोलण्यासारखं काही नाही, ती समजूतदार आहे.

३० मार्च

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे बसणं बंद केलं आहे. आईला सगळं सांगितलं. ती मटकी निवडत होती.

"तरीच," म्हणाली. "तू आत वाघर लावलीस."

मेंढरं विकून वीस वर्षं झाली, पण वाघर अजून माळ्यावर आहे. रानात मुक्काम पडला की मेंढरांभोवती लावायचं ते दोरीचं जाळं.

"वाघर लावल्यावर लांडगा यीत न्हाई, खरं हाय," आई म्हणाली. "पर भायेर ऱ्हायलेलं मेंढरूबी आत यीत न्हाई. देवाला घर मोकळं लागतं, मल्हारी. तुझ्या आबानं कवा बगितलं न्हाई आत कोण येतंय."

"तेच तर," मी म्हणालो.

"तेच तर म्हंजी?"

मला स्वतःलाच कळलं नाही मी असं का म्हणालो.

५ एप्रिल, पुनव

बसणं सोडून आठवडा झाला. झोप पुन्हा गेली. आवंढा पुन्हा आहे.

जे लिहायचं नाही म्हटलं होतं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षदाचा ताप उतरत नव्हता. प्रतिभानं शिरूरला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली होती. रिक्षा अंगणात आली. तेवढ्यात आबांना वारा आला, ढोल नाही, काही नाही, बसल्या जागी. देव म्हणाला, "सकाळपतूर उतरंल. लेकरू हलवू नका." प्रतिभानं रिक्षा परत पाठवली. मी थर्ड शिफ्टला होतो. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो तेव्हा वस्तीवरची माणसं नाक्यावरच उभी होती.

माझा आबांवर राग नाही. देवावरही नाही. शिबिरात मी हे सगळं पाहून सोडलं आहे.

आज सकाळी डबा भरायला उशीर झाला म्हणून मी प्रतिभावर हात उगारला. मारला नाही. तिनं तोंडापुढं हात घेतला नाही, तशीच बघत राहिली. म्हणाली, "मारा. काय तरी करा. गप ऱ्हाऊ नका."

संध्याकाळपासून पुन्हा बसायला सुरुवात केली. बसलो नाही तर मी माणसात राहणार नाही. देवाचं जत्रेला बघू.

९ एप्रिल, शुक्रवार

झोप आली, हात शांत आहेत.

प्रतिभानं विचारलं, "तुम्ही तिच्यासाठी एकदा तरी रडला का?"

मी तिला समजावून सांगितलं की रडू येतं तेव्हा घशात, छातीत काहीतरी होतं, आणि ते नुसतं पाहिलं तर निघून जातं. तिलाही शिकवीन म्हणालो. दौंडला बायकांचंही शिबिर असतं.

ती म्हणाली, "मला न्हाई घालवायचं ते."

"मग दुःखात किती दिवस राहणार?"

"तेवढंच ऱ्हायलंय तिचं माझ्यापाशी." मग भांडी घेऊन उठली. दारातून म्हणाली, "रविवारी तेवढं येऊ द्या. एकदाच. पुन्यांदा तुम्हाला कवा कायबी म्हणणार न्हाई."

१२ एप्रिल, सोमवार

काल जत्रा झाली. जसं झालं तसं लिहितो.

माळावर देवळापुढं दोन ढोल, झांजा, भावकीची दोनेकशे माणसं. आबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, पायावर शाल. देवासमोर काळी घोंगडी अंथरली. मी बसलो. पोपटनं ढोलाला कपाळ लावलं आणि सुरुवात केली.

पोटऱ्यांत मुंग्या आल्या. मांड्या, मग कंबर. दर वर्षी इथपर्यंत आलं की पुढचं मला आठवत नाही, नंतर लोक सांगतात. काल मला सगळं आठवतं. कंबरेला थरथर आली, मी ती पाहिली आणि ती तिथंच विरली. पाहायचं नाही असं ठरवलं, तर न पाहण्याची धडपड दिसू लागली. पोपटनं ढोलाचा फेर बदलला, आबांसाठी वाजवायचा तो जुना फेर धरला. लोक "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत होते. भंडाऱ्यानं आकाश पिवळं झालं होतं. मी त्यामध्ये अगदी स्वच्छ, जागा बसलो होतो.

प्रतिभा समोर येऊन उभी राहिली. हातात भंडाऱ्याचं ताट. लग्नात सासरनं दिलेलं हिरवं लुगडं नेसली होती. नुसतं थरथरायला काय लागतं? मी आबांना लहानपणापासून बघतोय. मान टाकायची, दम सोडायचा, आणि एक शब्द बोलायचा, पोचली. माझ्या जिभेवर तो आला होता. पण शिबिरात पहिल्याच दिवशी शपथ खोटं न बोलण्याची घेतलीय, आणि त्याआधी आबांनीही तेच शिकवलं होतं, देवाच्या घोंगडीवर बसून खोटं बोलणाऱ्याचा वंश राहत नाही.

मी डोळे उघडले. म्हणालो, "न्हाई येत."

ढोल सुरूच होता, म्हणून मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी ऐकलं. कुणीतरी म्हातारं म्हणालं, "रुसला देव." प्रतिभा माझ्याकडं पाहत होती. मी घोंगडीवरून बाजूला सरकलो.

तेवढ्यात आईनं किंकाळी फोडली. आबांची डावी बाजू हलत होती. डावा खांदा, डावा हात, डावा पाय. शाल खाली पडली. उजवी बाजू दगडासारखी तशीच. तोंडातून घुमल्यासारखा आवाज येत होता, पण शब्द नव्हता, "आं, आं" एवढंच. लोक मागं सरले. वारा आला होता. ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगात आला होता.

प्रतिभा वळली आणि खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता विचारील, पोचली का, आणि आबा मान हलवतील, तेवढ्यावर भागेल.

ती म्हणाली, "देवा, सकाळपतूर उतरंल म्हणालास. मी रिक्षा माघारी लावली. तुझ्या शबदावर लावली. का म्हणालास तसं?"

पोपटच्या हातातली काठी थांबली. देव अंगात असताना ढोल थांबवायचा नसतो, त्याला ते ठाऊक आहे.

"सांग की," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आईला सवालाचा हक हाय. माझ्या लेकराला हलवू नका का म्हणालास?"

आबांचं हलणं कमी होत गेलं. खांदा थांबला, हात थांबला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. घोंगडीवर इतकी वर्षं मी त्यांना पाहिलं आहे, वारा गेल्यावर ते पाणी मागतात, कुठं आहोत ते विचारतात. काल तसं झालं नाही. ते खुर्चीतून पुढं झुकले आणि खाली घोंगडीवर पडले. डाव्या हातानं सरकत, चाचपत, त्यांनी प्रतिभाचे पाय धरले आणि त्यावर कपाळ टेकलं.

सासऱ्यानं सुनेच्या पायावर डोकं ठेवलं. दोनशे माणसांपुढं, देवासमोर.

कुणी चांगभलं म्हणालं नाही. प्रतिभाच्या हातातलं ताट पडलं. ती आधी मागं सरली, पण पाय सुटेनात. मग खाली बसली. "आबा," म्हणाली. "आबा, उठा. उठा वो आबा." आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती जी रडली तसं मी तिला अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

मी तिथं दोन हात अंतरावर होतो. माझा श्वास छोटा झाला होता, मी तो पाहिला. छातीत डाव्या बाजूला गरम काहीतरी होतं, तेही पाहिलं. ते गेलं. मी उठेपर्यंत पोपटनं आणि तिनं मिळून आबांना खुर्चीत बसवलंही होतं.

१५ एप्रिल

भावकीची बैठक झाली. पुढच्या वर्षी घोंगडी थोरल्या चुलत्यांच्या घरात जाईल. मी हरकत घेतली नाही. आईनं घोंगडी घडी करून दिली आणि दिवसभर जेवली नाही.

कंपनीच्या बसमध्ये रांजणगावपर्यंत पोपट शेजारी होता. उतरताना म्हणाला, "मल्हारीदादा, तवा थोडं हलला असतास तरी चाललं असतं. आम्ही कुणी काय म्हणलो नसतो."

"खोटं?"

"खोटं न्हाई रं. बायकोपाशी जायाला म्हणतोय मी."

आबांना जेवू आता प्रतिभा घालते. दुधात भाकरी कुस्करून. आईला त्यातून मोकळीक मिळाली, हे बरं झालं.

२ मे, रविवार

आज सुट्टी. संध्याकाळी तासाला बसलो होतो. बैठक चांगली चालली होती.

भिंतीपलीकडून प्रतिभाचा आवाज येत होता. ती आबांना जेवू घालत होती. आधी मी नुसता आवाज म्हणून ऐकला, जसं शिकवलंय. मग शब्द कळू लागले.

"…तुमची ती घोंगडी घ्यायची डोक्यावर, आन् अशी हलायची, अशी. म्हणायची, ‘ऐका रं! औंदा पाऊस लई पडंल! शाळा वाहून जाईल! चाकलेट सवस्त होईल!’ मी म्हणायची, अगं गप, आबा ऐकतील. तर म्हणायची, आबानंच शिकवलंय. शिकवलं व्हतं का वो आबा?"

आबांचा आवाज आला. "आं, आं." तो हसण्याचा होता. मी त्यांना झटक्यानंतर हसताना ऐकलं नव्हतं. मग तोच आवाज रडण्याचा झाला, आणि तिचाही.

मला हे माहीत नव्हतं. ती असा खेळ करायची हे मला माहीतच नव्हतं. मी शिफ्टला असेन.

मी डोळे उघडले. उठलो, पलीकडं गेलो. दोघं खाटेवर होती, तिच्या हातात वाटी, तिच्या बोटाला भाकरी, आबांची हनुवटी दुधानं ओली. मला पाहून दोघं गप्प झाली. आबांनी मान भिंतीकडं केली. प्रतिभानं पदरानं तोंड पुसलं.

मी दारातच उभा राहिलो. विचारलं, "अजून काय म्हणायची?"

ती माझ्याकडं पाहत राहिली. रागानं नाही. वस्तीवर आलेल्या अनोळखी माणसाला रस्ता सांगताना पाहतात तसं पाहत होती.

"बसा तुम्ही तुमचं," म्हणाली. "तास व्हायचाय अजून."

तास खरंच व्हायचा होता. मी परत येऊन बसलो.